ड्रुसिलाचा बॉयलर

टिलर्स फोर्ड, जॉर्जिया
१८ ऑगस्ट १९५८

लॉनी राजा,

तुझं पत्र मिळालं. तळावर मक्याची भाकरी गोड करतात म्हणून रडतोस. रडशील नाही तर काय! आई-बाप गेल्यापासून तुला मी भरवलंय, तुझी जीभ मीच बिघडवली. पण आता बावीस वर्षांचा घोडा झालास, विमानदलात आहेस, अणुबॉम्बला हात लावतोस. मुकाट्याने खा.

आता कामाचं. ११ ऑक्टोबरला आपल्या गावाला शंभर वर्षं पुरी होतात. जत्रा करायची ठरली आहे आणि समितीची अध्यक्ष मी आहे. मागच्या वर्षी शेजारच्या कॉर्लीवाल्यांनी त्यांच्या जत्रेला हत्ती आणला होता. मेला म्हातारा, दात पडलेला, पण हत्ती. तेव्हापासून कॉर्लीचा न्हावीसुद्धा आपल्याकडे बघून हसतो.

समितीत ड्रुसिला स्टॅन्फिल उठली आणि म्हणाली, आमच्या हॉरेसचे व्हॉल्व मांडा. तिच्या नवऱ्याने, हॉरेसने, तीस वर्षं गिरणीचा बॉयलर सांभाळला हे खरं, देव त्याला शांती देवो, पण हत्तीपुढे व्हॉल्व? मी म्हटलं, माझा भाचा आख्खा अणुबॉम्ब आणेल. पोकळ, जुना, मोडका कसाही. सगळ्यांनी हात वर केले. ड्रुसिलाने तोंड असं केलं, जसं काही लोणच्याचं पाणी प्यायली.

तुझ्या कर्नलसाहेबांना मी परस्पर पत्र घातलं आहे, सोबत अंजिराच्या मुरंब्याची बरणी. तू नुसता मध्ये मध्ये करू नकोस. आणि फोन तर मुळीच करू नकोस. आपल्या फोनच्या एकाच तारेवर अकरा घरं आहेत, शिवाय एक्स्चेंजवर आयडेला कान लावून बसलेली असतेच. तू मला काय सांगितलंस ते ड्रुसिलाला माझ्याआधी कळतं.

लोकरीचे मोजे पाठवते आहे.

तुझी,
झेल्मा आत्या


पिकेट तळ
१२ सप्टेंबर १९५८

प्रिय आत्या,

तू खरंच पाठवलंस! मला कर्नलसाहेबांनी बोलावलं तेव्हा मी घरी निरोप काय द्यायचा ते ठरवून गेलो होतो. आत गेलो तर साहेबांच्या एका हातात तुझं पत्र, दुसऱ्या हातात चमचा. म्हणाले, "टॅडलॉक, तुमच्या आत्या यात आलं घालतात का?" मी म्हटलं, थोडं. म्हणाले, "आपल्या विमानांच्या आवाजाने आसपासच्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्यात. लोकांनी आपल्यावर जरा प्रेम करायला हवं. देऊन टाका बॉम्ब."

म्हणजे खरा नव्हे गं. आमच्याकडे एक सरावाचा आहे. बॉम्ब विमानात चढवायची तालीम त्याच्यावर करतात. आत नुसतं सिमेंट. वजन तेवढंच, आकार तोच, फक्त कमरेला वीतभर रुंद निळा पट्टा, खऱ्या-खोट्यात गल्लत होऊ नये म्हणून. २२ तारखेला ट्रक येईल.

मला यायला जमणार नाही. इथे खऱ्या मालाजवळ एकट्याने जायची बंदी आहे, कायम दोघं लागतात. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने करायचं. माझा जोडीदार पर्विस. व्हर्मॉन्टचा आहे, दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले नऊ यादीतले. आता तर आम्ही दोघं रंगकामाचा मुकादम सार्जंट बोडीन याच्या तावडीत सापडलो आहोत. १६ तारखेला मुख्यालयातून तपासणी येते आहे. इथली म्हण तुला माहीत नसेल: हललं तर सलाम ठोका, नाही हललं तर रंग फासा. झेंड्याभोवतीचे दगड रंगवले. आगीच्या बादल्या रंगवल्या. सार्जंट बोडीनच्या कुत्र्याची थाळी रंगवली, आता ते त्यात खात नाही. बॉम्बसुद्धा रंगाच्या शेडमध्ये दोन दोन करून आणतो, पुढून पर्विस, मागून मी. मी विचारलं, सर, निळा पट्टा? तर सार्जंट म्हणाला, "सगळं म्हणजे सगळं, टॅडलॉक. एकसारखं दिसलं पाहिजे. पट्टा नंतर मारू."

एकसारखं मात्र दिसतं हं. बघत राहावं असं.

मोजे छान बसले.

लॉनी


टिलर्स फोर्ड
२४ सप्टेंबर १९५८

लॉनी राजा,

आला बाई एकदाचा! सोमवारी दुपारी ट्रक आला आणि शाळा आपोआप सुटली. चर्चच्या अंगणात पिकानच्या झाडाशेजारी ठेवून घेतला. गाभण डुकरिणीसारखं पोट, मागे चार पंख, आणि अंगावर असा चकचकीत हिरवा रंग की पाद्री हॉब्सनने त्यात बघून भांग पाडला. पोरं दिवसभर त्याच्यावर घोडा घोडा करतात. मी त्याला झालर शिवते आहे, लाल आणि पांढरी.

पण तुझा निळा पट्टा कुठे आहे? ड्रुसिलाने आल्या आल्या त्याच्याभोवती एक फेरी मारली, बोटाने ठोकून बघितलं आणि अख्ख्या गावादेखत म्हणाली, "हा बॉम्ब नाही. हा बॉयलर आहे. आमच्या हॉरेसचा अस्साच होता." झालं! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण तीस वर्षांच्या बॉयलरवाल्याची बायको म्हटल्यावर लोक ऐकतात. काल वाणी मला विचारत होता, झेल्माबाई, तुमच्या बॉयलरचं गरम पाणी मिळेल का?

मी ऐकून घेणारी आहे का? त्याच्या मानेपाशी एक पत्र्याची पट्टी सापडली, तिच्यावरही तुम्ही रंग फासलेला. डोक्यातली पिन काढली आणि खरवडला. ७-११४-०२ असा आकडा निघाला. तर तुझ्या साहेबांच्या कागदावर मला लिहून पाठव की ७-११४-०२ हा अस्सल अमेरिकन बॉम्ब आहे, बॉयलर नव्हे. चौकटीत लावून ड्रुसिलाच्या नाकासमोर टांगते.

आणखी एक गंमत. रोस्को क्रम्पने शक्कल काढली आहे. मोठ्या हातोड्याने बॉम्बवर दणका द्यायचा, ज्याचा आवाज सगळ्यात लांब जाईल त्याला माझा भट्टीतला रताळ्याचा पाई. सध्या तालीम चालू आहे. आवाज फार गोड येतो रे, चर्चच्या घंटेसारखा.

झेल्मा आत्या


पिकेट तळ
२७ सप्टेंबर १९५८

प्रिय आत्या,

घाईत लिहितो आहे. हातोडा बंद कर. ताबडतोब. कुणालाही त्याला हात लावू देऊ नकोस. पोरांना खाली उतरव.

कारण असं की, रंग फार नाजूक आहे. फार महागाचा रंग. टवका उडाला तर माझ्यावर येईल.

शिवाय आत गांधीलमाश्यांचं मोहोळ असण्याची शक्यता आहे. आपटलं तर चवताळून बाहेर येतील.

आणि उन्हात ठेवू नका. सावलीत, छपराखाली, गार जागी ठेवा. उन्हाने तो, म्हणजे रंग, तडकतो.

त्या पट्टीवरचा आकडा पुन्हा एकदा नीट बघून कळव. पहिला आकडा सातच आहे ना? शून्य तर नाही? सरावाच्या मालाचा आकडा शून्यापासून सुरू होतो. गोल असेल, सात दिसत असेल. चष्मा लावून बघ. मी इथे प्रार्थना करतो आहे की तुझी नजर बिघडलेली असावी.

लॉनी

ता.क. : पर्विसला तुझं पत्र दाखवलं. तो आज अकरा शब्द बोलला. अकरावा इथे लिहिण्यासारखा नाही.


टिलर्स फोर्ड
३० सप्टेंबर १९५८

लॉनी,

माझी नजर बिघडलेली असावी म्हणून प्रार्थना करतोस? वा रे पठ्ठ्या! हेच फळ. चष्मा लावूनही सातच आहे आणि चष्मा न लावताही सातच आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रंगाची एवढी काळजी तुला कधीपासून? लहानपणी माझं कुंपण रंगवायला सांगितलं तर निम्मं रंगवून मासे पकडायला पळाला होतास. तिथे एखादी मुलगी बिलगी नाही ना? प्रेमात पडल्यावर पुरुषाला असलं काहीबाही सुचतं.

तरी तुझ्या शब्दाखातर सगळं केलं. हातोडा बंद. रोस्को रुसला, पण बंद. पोरांना उतरवलं, त्यांनी गळा काढला.

गांधीलमाश्यांचा बंदोबस्त मी स्वतः केला. रॉकेलमध्ये चिंध्या बुडवल्या, काठीला बांधून पेटवल्या आणि तासभर सगळ्या फटींशी धुरी दिली. एक माशी बाहेर आली नाही. सगळ्या आतच मेल्या असणार.

आणि सावलीचं म्हणालास, तर आठ माणसं आणि दोन खेचरं लावून त्याला चर्चमागच्या पत्र्याच्या छपराखाली नेऊन ठेवला. तिथे रोस्कोने डुकरं भाजायला खड्डा खणला आहे, शुक्रवारपासून विस्तव घालील तो जत्रेपर्यंत विझायचा नाही. बॉम्बपासून पुरती दहा पावलं लांब आहे, काळजी नको. हिकरीच्या लाकडाच्या धुराने रंग जरा काळवंडेल, पण तडकणार नाही.

मुलगी असेल तर सरळ लिही. मी काही खात नाही.

आत्या


पिकेट तळ
३ ऑक्टोबर १९५८
तातडीचं टपाल

आत्या,

हे पत्र एकटीने, खुर्चीत बसून वाच. वाचलं की चुलीत घाल. हे लिहिलं म्हणूनच मला तुरुंगात टाकू शकतात, पण न लिहून मला झोप येईना.

मुलगी नाही. माश्या नाहीत. रंगही महागाचा नाही, बादलीने मिळतो. तुझ्या छपराखाली आहे तो खरा बॉम्ब आहे.

रंगाच्या शेडमध्ये खरा आणि सिमेंटचा शेजारी शेजारी होते. दोघांनाही आम्ही तोच हिरवा फासला. पट्टा गेला, आकड्याची पट्टी रंगाखाली गेली. परत ठेवताना पर्विसने यादी वाचली, "आकडा तपासला?" आणि मी म्हणालो, "तपासला." यादी वाचली की "तपासला" म्हणायची जिभेला इतकी सवय झाली आहे की डोळ्यांना कामच उरत नाही. मी काही तपासलं नव्हतं, आत्या. तिथे रंगाशिवाय तपासण्यासारखं काही नव्हतंच. खरा गेला सरावाच्या बॉम्बच्या जागी आणि तिथून तुझ्याकडे. सिमेंटचा इथे लोखंडी दाराआड आहे. दोन पहारेकरी, एक कुत्रा, आणि जवळ येईल त्याला गोळी घालायचा हुकूम.

आता घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण मला म्हणायचंय तेवढीच. त्याचा खरा गाभा, जो शहरच्या शहर उडवतो, तो वेगळ्या तिजोरीत असतो. तो आत नाही. पण त्या गाभ्याला दाबायची जी स्फोटकं असतात ती आहेत. अडीच टन. रोस्कोने हातोडा मारला ती त्यांच्यावर. तू पेटत्या चिंध्या धरल्यास त्या त्यांच्याशी. तू हे सगळं करूनही मला पत्र लिहिलंस हे मी पर्विसकडून पुन्हा वाचून घेतलं, यादीसारखं.

सार्जंट बोडीनला सांगितलं. तो म्हणाला, "किती बॉम्ब असायला हवेत?"

"नऊ, सर."

"किती आहेत?"

"नऊ. पण त्यातला एक सिमेंटचा आहे."

"कागदावर सिमेंट लिहिलंय?"

"नाही, सर."

"मग सिमेंट नाही." आणि त्याने भिंतीवर बोट दाखवलं. तपासणीत आपल्या तळाला शंभरपैकी शंभर मिळाले आहेत, तो कागद काचेत लावलाय. नंतर दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला, "पोरा, मलाही दिसतंय. पण कागदाशिवाय मी इथून उंदीर हलवू शकत नाही, ट्रक कुठला हलवू?" त्याचा घाम बघून मला त्याची दयाच आली. निवृत्तीला सात महिने राहिलेत त्याचे.

म्हणून ठरवलंय. बुधवारी कर्नलसाहेब मुख्यालयातून परत येतात. आले की समोर उभं राहून सगळं सांगणार. मला आणि पर्विसला लष्करी तुरुंग होईल, किती वर्षं ते माहीत नाही. पर्विस म्हणाला, "बरं." तोवर तू एवढंच कर, विस्तव लांब ने आणि माणसं लांब ठेव. कसं ते तुला सुचेल.

तुला आयुष्यात एकदा गावासमोर मिरवायचं होतं आणि मी हे पाठवलं. मला माफ कर, आत्या.

लॉनी


टिलर्स फोर्ड
५ ऑक्टोबर १९५८, रविवार

लॉनी, माझ्या बाळा,

पत्र काल रात्री मिळालं. वाचलं आणि जमिनीवरच बसले, खुर्ची मागे होती तरी. मग उठून पत्र चुलीत घातलं. चूल पेटवल्यावर काडी विझली की नाही ते तीनदा बघितलं.

पहिली गोष्ट. तू कुणासमोर उभा राहणार नाहीस. बुधवारी तोंड बंद. मी तुला तुरुंगात पाठवायला वाढवलेलं नाही. तुझ्या सार्जंटला कागद हवा आहे ना? मिळेल. हे पत्र मिळेपर्यंत त्याला धीर धरायला सांग.

रोस्कोचं आधी उरकलं. सकाळी सहाला त्याच्या दारात गेले. म्हटलं, तुझ्या धुराचा वास माझ्या केकांना लागतोय, खड्डा शाळेमागे ने. तो म्हणाला, झेल्माबाई, विस्तव पेटून दोन दिवस झाले. मी म्हटलं, विझव, नाहीतर ह्या गावात माझ्या हातचा पाई पुन्हा खाणार नाहीस. बादल्या भरभरून मी स्वतः ओतल्या. चुलीला एवढं पाणी मी जन्मात घातलं नाही.

मग दहाला चर्च. पाद्रीचं प्रवचन झालं, आणि मी उभी राहिले.

लॉनी, तुझे आजोबा वारले तेव्हा मला जड गेलं. तुझा बाप गेला तेव्हा जड गेलं. आजचं त्या खालोखाल. मी म्हटलं, "बंधुभगिनींनो, मला एक कबूल करायचंय. ड्रुसिला स्टॅन्फिलचं बरोबर होतं. तो बॉम्ब नाही. तो बॉयलर आहे. विमानदलाने आपल्याला फसवलं आणि मी मूर्खासारखी फसले."

आधी मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मग हसू फुटलं. वाणी हसला, न्हावी हसला, आयडेला तर रुमालात तोंड खुपसून हसली. मी ताठ उभी होते. ड्रुसिला उड्या मारील असं वाटलं होतं. ती हसली नाही, नुसती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. आनंदाने दातखीळ बसली असेल.

दुपारी तुझ्या कर्नलला पत्र लिहिलं, समितीच्या शिक्क्याने. तुमच्या तळाने आम्हाला बॉम्बच्या नावाखाली भंगार बॉयलर गळ्यात मारला, निळा पट्टासुद्धा नाही, शंभर वर्षांच्या गावाची नाचक्की झाली, गुरुवारच्या आत नेऊन चांगला निळ्या पट्ट्याचा द्यावा, नाहीतर आम्ही कॉर्लीचा हत्ती आणतो आणि वर्तमानपत्राला कळवतो. सोबत मुरंब्याच्या दोन बरण्या. एवढा कागद पुरेल ना तुझ्या सार्जंटला?

आता छपराखाली खुर्ची टाकून बसले आहे आणि इथूनच लिहिते आहे. येईल त्याला सांगते, बॉयलरचा पत्रा कुजलाय, जवळ याल तर धनुर्वात होईल. ट्रक येईपर्यंत दिवसभर इथेच बसणार. काही झालंच तर जिने हे आणवलं ती तरी आधी जाईल.

तुझ्या नियमाप्रमाणे दोघं लागतात हे लक्षात होतं. पण दुसरी कुठून आणू? मघाशी चिडून मोठ्याने म्हणालेच, इथे एकटीने बसायचं नसतं, दोघी लागतात. तर मागून ड्रुसिला! स्वतःची खुर्ची घेऊन आलेली. म्हणाली, "बॉयलर माझा, तर राखायलाही मीच हवी." मला खिजवायला आली आहे, दुसरं काय. विणकाम घेऊन शेजारी बसली आहे आणि माझं पत्र तिरक्या डोळ्याने वाचायला बघते आहे. म्हणून आवरते.

तुझी आत्या


पिकेट तळ
१८ ऑक्टोबर १९५८

प्रिय आत्या,

बटाटे सोलता सोलता लिहितो आहे, डाग पडले तर चालवून घे.

गुरुवारी ट्रक घेऊन मी आणि पर्विस आलो तेव्हा तुझ्याशी धड बोलताही आलं नाही. छपराखाली दोन खुर्च्या, दोन म्हाताऱ्या, मध्ये तो. तुझी झालर त्याच्यावर तशीच होती. ड्रुसिलाबाई विणकामातून मान वर न करता म्हणाल्या, "जपून उचला हो पोरांनो, बॉयलर आहे तो." पर्विसने टोपी काढली. तो त्यांना "थँक यू, मॅडम" म्हणाला. एका दिवसात तीन जादा शब्द.

परतीचे सव्वाशे मैल आम्ही बैलगाडीच्या वेगाने आलो. मागे चाळीस गाड्या भोंगे वाजवत होत्या.

पुढचं तुझ्या कागदाने केलं. कर्नलसाहेबांनी तुझं पत्र वाचलं, "भंगार" या शब्दावर लाल झाले, बरणी उघडली, थंड झाले आणि बदली माल द्यायचा हुकूम काढला. सार्जंटने तेवढ्यात लोखंडी दाराआडच्या सिमेंटच्या बॉम्बवर नखाने एक टवका उडवला आणि "रंग खराब" म्हणून शेरा मारला. रंगकामाच्या हुकुमावर इथे देवालासुद्धा बाहेर काढता येतं. पहाऱ्यासकट तो शेडमध्ये आला. तुझा ट्रकही शेडमध्ये आला. पुन्हा दोघं शेजारी शेजारी. पर्विसने वाचलं, "आकडा तपासला?" मी पिनेने खरवडला, चष्मा नसताना चष्मा असल्यासारखा बघितला, बोट फिरवून बघितलं, मग म्हणालो, "तपासला." आणि पर्विस म्हणाला, "मीही." हे यादीत नाही. सातवाला लोखंडी दाराआड गेला, शून्यवाला ट्रकवर चढला.

शुक्रवारी सिमेंटचा तुझ्याकडे आणताना वाटेत पेट्रोलपंपावर थांबून आम्ही त्याला निळा पट्टा मारला. स्वतःच्या पैशाने डबा घेतला. वीतभर नाही, दोन वीत रुंद.

त्याचीच ही शिक्षा. जत्रा झाल्यावर माल परत आला, तपासनिसाने पट्टा पाहिला आणि विचारलं, हुकूम नसताना सरकारी मालाला रंग कुणी लावला? चौदा दिवस बटाटे. इतक्या सगळ्यात हा एकच गुन्हा कागदावर आला, आणि तोच एकटा शहाणपणाचा होता.

मला राहवलं नाही, आत्या. तू नको म्हणाली होतीस तरी सोमवारी कर्नलसाहेबांना सगळं सांगितलं. तुझं, सार्जंटचं आणि पर्विसचं नाव वगळून; राखण 'एका बाईंनी' केली एवढंच म्हणालो. साहेबांच्या भिंतीवरही त्या शंभरपैकी शंभरची प्रत आहे, ती त्यांनी उठून सरळ केली. मग म्हणाले, "टॅडलॉक, तुला रंगाचा वास चढला होता. जा." मी दारात पोचलो तेव्हा विचारलं, "त्या बाई तिथे किती दिवस बसल्या होत्या?" मी म्हटलं, पाच दिवस, सर. दुसऱ्या दिवशी फलकावर हुकूम लागला: यापुढे आकड्याच्या पट्टीवर आणि निळ्या पट्ट्यावर कुणी ब्रश ठेवला तर त्याची खैर नाही. खाली सही त्यांची.

तू गावासमोर माझ्यासाठी जे केलंस ते मी जन्मभर विसरणार नाही. ड्रुसिलाबाई फार छळतात का गं?

लॉनी


टिलर्स फोर्ड
२२ ऑक्टोबर १९५८

लॉनी राजा,

बटाट्याची सालं जाड काढू नकोस, अन्न वाया जातं. आणि माझं न ऐकता साहेबासमोर उभा राहिलास, त्याबद्दल घरी आलास की कान पिळीन. मग जेवायला वाढीन. तुझा बाप असाच होता.

जत्रा झकास झाली. निळ्या पट्ट्याचा मधोमध, पोरं त्याच्यावर, रोस्कोचा हातोडा त्याच्यावर. दर दणक्याला मी कान झाकायचे, सिमेंट आहे हे ठाऊक असूनही. कॉर्लीहून दोनशे माणसं आली. त्यांना लोकांनी काय सांगितलं माहीत आहे? हा दुसरा आहे, पहिला झेल्माबाईंचा बॉयलर होता. आता मला गावात बॉयलरबाई म्हणतात. पाद्रीसुद्धा चुकून म्हणाला.

काल पिकानच्या बिया फोडायला ड्रुसिला आली. बोलावलं नव्हतं. निम्मी टोपली फोडून झाली. मग एकदम म्हणाली, "झेल्मा, हॉरेसने तीस वर्षं बॉयलर सांभाळला. डबा मी न्यायचे रोज. बॉयलरला तोट्या असतात. त्याला एकही तोटी नव्हती."

मी अडकित्ता खाली ठेवला. म्हटलं, "मग पहिल्या दिवसापासून बॉयलर बॉयलर का ओरडत होतीस?"

"तुला चिडवायला. मलाही तो पोकळ बॉम्बच वाटला होता."

"मग कधी कळलं?"

"चर्चमध्ये. अगं, चाळीस वर्षांत तू माझं एक अक्षर खरं मानलं नाहीस. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर उठून म्हणालीस, ड्रुसिलाचं बरोबर आहे. म्हटलं, ही बाई माझं ऐकते आहे, म्हणजे छपराखाली काहीतरी फार भयंकर आहे."

पाच दिवस माझ्या शेजारी बसून ती मोजे विणत होती. मी विचारलं, "एवढं कळत होतं तर पळून का नाही गेलीस? तुझी बहीण अटलांटाला आहे."

तर म्हणते कशी, "तूच म्हणालीस ना, दोघी लागतात."

मी रडले रे, लॉनी. पिकानच्या टोपलीत तोंड घालून रडले. तिने थोडा वेळ रडू दिलं, मग म्हणाली, "पुरे. आणि हे बघ, गावात मी बॉयलरच म्हणणार. ते तू मरेपर्यंत ऐकून घ्यायचं."

घेते आहे. आज सकाळपासून तीनदा झालं.

सोबत मोज्यांचे दोन जोड आहेत. ते माझे नाहीत, छपराखाली विणलेले आहेत. एक तुझा, एक त्या पर्विसचा.

तुझी,
बॉयलरबाई